सजीवांचे गट कशाला पाडायचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: गट निसर्गात नसतात, ते माणूस पाडतो, शास्त्रज्ञ ते सारखे बदलतात, मग जीव वाचवायचे सोडून हा नामकरणाचा खटाटोप कशासाठी?

पहिला मुद्दा अर्धाच पटतो. कुळ, गण, वर्ग या पायऱ्या माणसाच्याच. भुंग्यांचं एक कुळ आणि पक्ष्यांचं एक कुळ तोडीस तोड मानायला निसर्गात आधार नाही. पण कोण कुणाचं जवळचं, हे आपल्या मर्जीवर नाही. मगर दिसते सरड्यासारखी, तरी सरड्यापेक्षा पक्षी तिला नात्याने जवळचे आहेत. सोयीचंच बघायचं असतं, तर असं कुणी ठरवलं असतं का?

गट बदलतात, कारण पुरावे वाढतात. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसने १७५८ साली देवमासे माशांतून काढून सस्तन प्राण्यांत नेले. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी, जीवाणूंसारखेच दिसणारे काही सूक्ष्मजीव मुळात निराळे असल्याचं आरएनएच्या (पेशीतल्या, डीएनएसारख्या रेणूच्या) आधारे दाखवलं. तेच आजचे आर्किया. न बदलणारं वर्गीकरण मला जास्त संशयास्पद वाटलं असतं.

आता खटाटोपाचा उपयोग. १८४५ पासून आयर्लंडमधली बटाट्याची पिकं ज्याने उद्ध्वस्त केली, तो उशिरा येणारा करपा फायटोफ्थोरा या सूक्ष्मजीवामुळे होतो. हा जीव तंतुमय, बीजाणू सोडणारा; बराच काळ तो बुरशीतच गणला गेला. नात्याने मात्र तो डायटम (एकपेशीय शेवाळं) आणि तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातला. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन (कीटकांच्या कवचातही असतो तो पदार्थ) असतं, याच्या भित्तिकेत सेल्युलोज. बहुतेक बुरशी स्वतःसाठी एर्गोस्टेरॉल (पेशीपटलाला लागणारा मेदासारखा पदार्थ) बनवतात, हा बनवतच नाही. त्यामुळे एर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखून काम करणारी बुरशीनाशकं याच्यावर चालत नाहीत. जे तो बनवतच नाही, ते रोखणार काय? फवारणीचा खर्च तेवढा वाया. एवढं सगळं नुसत्या 'दिसतो तसा' या निकषावरून कळलं नसतं.

आणि 'आधी जीव वाचवा' म्हणता, तर आफ्रिकी हत्तींचं पाहा. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जीवांच्या यादीत ते पूर्वी एकच जाती म्हणून 'असुरक्षित' गटात होते. २०२१ मध्ये वनहत्ती आणि सव्हानातले (गवताळ प्रदेशातले) हत्ती या दोन जाती धरून त्यांचं वेगवेगळं मूल्यमापन झालं. सव्हानातले 'संकटग्रस्त' ठरले आणि वनहत्ती थेट 'अतिसंकटग्रस्त': ३१ वर्षांत त्यांची संख्या ८६ टक्क्यांहून अधिक घटली होती. दोघांना एका नावाखाली मोजत होतो, तोवर ही घसरण सरासरीत झाकली जात होती.