टाकीतल्या प्रोबला लोण्याचा वास येत नाही

माझा भाचा एका छोट्या ब्रुअरीत फर्मेंटेशनच्या टाक्या सांभाळतो. परवा त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, मग मी रोज नमुने कशाला काढतोय?" मजकूर थोडक्यात असा: टाकीत निअर-इन्फ्रारेड प्रोब (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचं शोषण मोजणारी दांडी) बसवा आणि लॅब बंद करा. लोण्याचा वास देणाऱ्या डायॲसिटिलपासून जंतुसंसर्गापर्यंत सगळं प्रोब दाखवतो. एकदा केलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे लॅबच्या आकड्यांशी प्रोब जुळवून घेणं, कुठल्याही बिअरला चालतं. साखरेचा आलेख सपाट झाला की बाटल्या भरा. आठवडाभरात हाच मजकूर मला तिघांनी पाठवलाय. माझी बरीच वर्षं असल्या प्रोबची कॅलिब्रेशनं करण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी त्यातलं खरं काय ते सांगते. अल्कोहोल आणि उरलेला अर्क (द्रावणात विरघळलेली साखर वगैरे) ही पद्धत चांगली मोजते. 780 ते 2500 नॅनोमीटरच्या पट्ट्यात पाणी, अल्कोहोल आणि साखर आपापल्या जागी प्रकाश शोषतात. अल्कोहोलची एक ठळक खूण 2300 नॅनोमीटरच्या आसपास असते. तयार बिअरचं अल्कोहोल मोजणारी लॅबमधली काही यंत्रंही याच तत्त्वावर चालतात. मात्र तिथे नमुन्यातला वायू आधी काढून टाकतात. टाकीत बुडबुडे असतात, यीस्टचा गढूळपणा असतो आणि दोन्ही प्रकाश विखुरतात. तरीही दर काही मिनिटांनी आकडा मिळणं मोलाचं आहे, हे मान्य.

आता डायॲसिटिल. या दाव्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. बिअरला लोण्यासारखा वास येतो तो या पदार्थामुळे, आणि फिक्या लागरमध्ये तो लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या आसपासही नाकाला कळतो. निअर-इन्फ्रारेडने पातळ द्रावणातला पदार्थ भरवशाने ओळखायचा तर तो ढोबळमानाने 0.1 टक्का, म्हणजे लिटरला 1 ग्रॅम तरी लागतो. दोन्हींत दहा हजार पटींचा फरक आहे. त्यातून नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, आणि त्याचे 1450 आणि 1940 नॅनोमीटरचे जाडजूड पट्टे. त्या गर्दीत डायॲसिटिलचा माग लागणार कसा?

"पण स्क्रीनवर आकडा तर येतो," भाचा म्हणाला. येतो ना. निरोगी बॅचमध्ये डायॲसिटिल आधी वाढतं, मग यीस्ट ते परत शोषून घेतं. त्याच काळात साखर उतरते आणि अल्कोहोल चढतं. प्रोबच्या मोजणीवरून आकडे काढणारं गणिती मॉडेल साखर आणि अल्कोहोल बघतं आणि त्यावरून डायॲसिटिलचा अंदाज करतं. सगळं नेहमीसारखं चाललं असेल तोवर अंदाज जुळतो. उद्या टाकीत पेडिओकोकस नावाचा बिअर बिघडवणारा जंतू शिरला, तर साखर-अल्कोहोलमध्ये फारसा फरक न पडता डायॲसिटिल वाढेल आणि स्क्रीन मात्र नेहमीचाच आकडा दाखवेल. म्हणजे ज्या दिवशी इशारा हवा, नेमका त्याच दिवशी तो मिळणार नाही. जंतुसंसर्गाच्या दाव्याचं उत्तरही यातच आलं. लिटरमागे मोजके जंतूसुद्धा पुढे बिअर बिघडवू शकतात. ते कल्चर करून किंवा पीसीआरने शोधावे लागतात.

एकच कॅलिब्रेशन सगळ्यांना? गहू घातलेली गढूळ बिअर आणि स्वच्छ लागर प्रकाश सारखा विखुरत नाहीत. तापमान बदललं की पाण्याचे पट्टेही सरकतात, त्यामुळे 10 अंशांवर शिकलेलं मॉडेल 18 अंशांवर चुकू शकतं. शिवाय ते शिकतं कशावरून? लॅबने मोजलेल्या आकड्यांवरून. लॅब बंद केलीत तर मॉडेल भरकटलंय हे सांगणार कोण?

सपाट आलेख बघून बाटल्या भरण्याचा सल्ला तर थेट धोक्याचा आहे. टाकी थंड पडली किंवा यीस्ट लवकर खाली बसलं, तरी आलेख सपाट होतो आणि साखर तशीच राहते. डायस्टॅटिकस जातीचं यीस्ट शिरलं असेल, तर एरवी न आंबणारी डेक्स्ट्रिन्सही (स्टार्चचे तुकडे) ते सावकाश फोडत राहतं. बालिंगचं जुनं समीकरण घ्या: 2.0665 ग्रॅम अर्कातून 1 ग्रॅम अल्कोहोल आणि 0.9565 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. बाटलीत लिटरमागे 10 ग्रॅम अर्क नंतर आंबला, तर साडेचार ग्रॅमहून जास्त वायू तयार होतो. बऱ्याच बिअरमध्ये लिटरला 5 ग्रॅमच्या आसपास वायू आधीच असतो. त्यात एवढी भर पडली की काच फुटू शकते, आणि तीही कुणाच्या तरी हातात. म्हणून आलेख कुठल्या आकड्यावर सपाट झाला ते बघा, आणि थोडा वर्ट (न आंबलेला गोड काढा) जास्त यीस्ट घालून उबेत पूर्ण आंबवून मिळालेल्या आकड्याशी तो ताडून पाहा.

भाच्याला मी एवढंच करायला सांगितलं: टाकीतून दोन पेले काढ. एक झाकून 60 ते 70 अंशांच्या पाण्यात वीसेक मिनिटं ठेव, मग गार कर आणि दोन्ही हुंग. बिअरमध्ये डायॲसिटिल ज्यापासून बनतं त्या वासरहित पूर्वद्रव्याचं उष्णतेने डायॲसिटिल होतं, त्यामुळे अजून येऊ घातलेला वास आजच कळतो. काल रात्री त्याने कळवलं, साध्या पेल्याला काहीच वास नव्हता, गरम केलेल्याला मात्र लोण्याचा होता. आलेख दोन दिवसांपासून सपाट आहे. टाकी त्याने अजून उबेतच ठेवली आहे.