केळं थंड असतं

सर्दीने नाक चोंदलेलं, दवाखान्यात नंबर लांब, म्हणून पिशवीतून केळं काढलं. अर्धं सोललं, तोच आईने ते हातातून काढून घेतलं. चारचौघांत. माझे पिकलेले केस सगळ्यांना दिसत होते.

"केळं थंड," आई म्हणाली.

शेजारच्या अनोळखी काकू लगेच सरकून बसल्या. "थंड तर आहेच, वर कफ करतं. बघू, ठिपके आहेत का?"

दोघींनी केळं फिरवून फिरवून पाहिलं.

"ठिपक्यांचं पोटाला बरं," काकूंचा निर्णय. "पण छातीला नाही."

"दुपारी चाललं असतं," आई.

"दुपारी चालतं, पण दुधाबरोबर नको."

"छे, दुधाबरोबर म्हणजे विषच!"

दूध आणलं होतं कोणी? मी म्हटलं, "अहो, मला भूक लागलीय."

काकूंनी माझ्याकडे न बघता आईला सांगितलं, "भूक नाही ती. पित्त आहे."

मग ते केळं काकूंच्या नातवाने खाल्लं. तो माझ्यापेक्षा जास्त खोकत होता. "लहान मुलांना चालतं," आई म्हणाली आणि काकूंनी मान डोलावली.

शास्त्राच्या लेखी केळं हे 'बेरी' आहे आणि स्ट्रॉबेरी नाही, त्यामुळे शास्त्रावरही माझा फार भरवसा नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ साली टोमॅटोला भाजी ठरवलं, कारण आयात कर भाजीवर होता, फळावर नव्हता. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, लोक तो जेवणात खातात, जेवणानंतर गोड म्हणून नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. पटो न पटो, कारण तरी दिलं! ग्रीक वैद्य गेलेननेही दुसऱ्या शतकात पदार्थांचे उष्ण-थंड गुण निदान लिहून ठेवले. आमच्या घरी लेखी काही नाही आणि निकाल माणूस बघून लागतो.

मी दही मागितलं की ते थंड. तेच दही फ्रिजच्या कोपऱ्यात उरलं की "पोटाला चांगलं असतं, संपवून टाक." उरलं की कुठलाही पदार्थ एका रात्रीत पौष्टिक होतो. आणि संपवायला मीच. तेव्हा माझी छाती कुठे जाते?

डॉक्टर म्हणाले, विषाणू आहे, काहीही खा. आईने ते ऐकून घेतलं. आता सर्दी गेली तर न खाल्लेल्या केळ्यामुळे, आणि राहिली तर परवाच्या आइस्क्रीममुळे. डॉक्टरांची फी मी उगाचच भरली.