कोगनोळीच्या अलीकडचे, पलीकडचे

दरवर्षी १ नोव्हेंबर आला की पुण्यातले मित्रमैत्रिणी मला दोन प्रकारचे मेसेज पाठवतात. एक, ‘बेळगाव आमचंच!’ दुसरा, ‘किती वर्षं तेच रडगाणं? आपण सगळे भारतीय ना?’ पहिला पाठवणारे बहुतेक जण गोव्याला जाताना कोगनोळीचा सीमानाका ओलांडून कुंदा घेण्यापुरते बेळगावात थांबलेले असतात. दुसरा पाठवणाऱ्यांच्या घरी, त्यांना वाचताच येत नाही अशा भाषेतली सरकारी नोटीस कधी आलेली नसते. मी बेळगावची मराठी, दोघांनाही यंदा एकदाच उत्तर देते. पोस्ट लांब आहे, सवड असेल तर वाचा.

१९५६ साली याच तारखेला भाषावार राज्यं झाली आणि मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. तेव्हापासून इथली मराठी माणसं ‘काळा दिन’ म्हणून काळ्या फिती लावून मूक सायकल फेरी काढतात आणि त्याच दिवशी चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे घेऊन राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची, गर्दी उसळते. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी दुकान बंद ठेवायचे. काळ्या दिनासाठी बंद की राज्योत्सवाची सुट्टी, हे विचारणारा कोण आहे त्यावर ठरायचं. तुम्हाला यात दुटप्पीपणा दिसेल. मला व्यवहार दिसतो, आणि थोडी भीती.

आधी ‘आपण सगळे भारतीय’वाल्यांकडे वळते, कारण त्यांच्या बाजूनं एक फार मोठा माणूस उभा आहे. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात वेगळ्या कर्नाटक प्रांताच्या मागणीवर चर्चा चालू होती. म्हणजे विषय आमच्याच भागाचा. तेव्हा डॉ. आंबेडकर म्हणाले होते, की ‘आधी भारतीय आणि मग हिंदू किंवा मुसलमान’ हेसुद्धा मला पुरेसं वाटत नाही. धर्म, संस्कृती, भाषा यांतून आलेल्या कुठल्याच निष्ठेनं भारतीयत्वाशी स्पर्धा करू नये. माणसानं आधीही भारतीय असावं आणि शेवटीही भारतीयच. पुढं १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना त्यांनी एका राज्याला एक भाषा असावी हे मान्य केलं. पण अशा राज्यात बहुसंख्य जमात बाकीच्यांना दाबून टाकेल, ही भीतीही तिथेच स्पष्ट लिहिली.

बाबासाहेबांची ही भीती आम्ही अनुभवलेली आहे. १९३८ चं ते मागणं मात्र बेळगावात बसून ऐकलं की मला थोडं अडखळायला होतं. कारण आमच्याकडे भाषेची भारताशी कधी स्पर्धाच नव्हती.

माझा मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावातच आहे, हे पुण्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. मामा काळ्या दिनाच्या फेरीत न चुकता जायचा आणि २६ जानेवारीला छातीवर पदकं लावून गल्लीतल्या झेंड्याला सलामीही द्यायचा. या दोन गोष्टींत काही विसंगत आहे असं त्याला कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. त्याच मामाला एकदा शेतजमिनीच्या मोजणीची नोटीस आली, सगळी कन्नडमध्ये. तो ती घेऊन शेजारच्या कॉलेजातल्या मुलीकडे गेला, तिनं वाचून सांगितलं. मुदत दोन दिवसांपूर्वीच संपली होती. “वर दिल्ली हाय की,” एवढंच तो म्हणाला. दिल्ली काही करणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं.

देशाशी आमचं भांडण नाही, कारण देश लांब आहे. रोजचा संबंध येतो तो राज्याशी. उतारा, रेशनकार्ड, बसची पाटी, पोराच्या शाळेचं माध्यम हे सगळं राज्याच्या हातात. म्हणून तर सीमाभागातला मराठी माणूस सारखा देशाकडेच धाव घेतो. महाराष्ट्र सरकारसुद्धा या सीमाभागासाठी २००४ साली राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयातच गेलं. आम्हाला भारतीयत्व शिकवायला येणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की आमच्याइतका भारतावर विसंबून कुणी नाही.

आता ‘बेळगाव आमचंच’वाले.

सीमावाद सोडवायला न्या. मेहरचंद महाजन यांचा आयोग १९६६ साली नेमला गेला तो महाराष्ट्राच्या आग्रहामुळे. सेनापती बापट त्यासाठी उपोषणाला बसले होते. १९६७ मध्ये अहवाल आला: २६४ गावं महाराष्ट्राला, त्यांत निपाणी आणि खानापूर, २४७ गावं म्हैसूरला, त्यांत महाराष्ट्रातल्या जत आणि अक्कलकोट तालुक्यांतली, आणि बेळगाव शहर होतं तिथेच. महाराष्ट्रानं तो फेटाळला. कर्नाटक म्हणतं, तोच अंतिम. बेळगाव कर्नाटकातच ठेवून महाजनांनी आमच्यावर अन्याय केला असं मलाही वाटतं. पण त्यानंतर अर्ध्या शतकात काय काय झालं तेही बघा. २०१२ मध्ये बेळगावात सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, तिथे अधिवेशनं भरू लागली. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. २०१८ च्या विधानसभेत बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. २०२१ मध्ये महापालिकाही भाजपकडे गेली.

त्यावरून ‘मराठीचा प्रश्न संपला’ असे अग्रलेख लिहिणारे लिहितात. माझा सख्खा चुलतभाऊ नोव्हेंबरात काळी फीत लावतो आणि निवडणुकीत राष्ट्रीय पक्षाला मत देतो, कारण गटारीचं काम नगरसेवकाकडून करून घ्यायचं असतं आणि तो सत्तेतला असलेला बरा. अण्णा त्याच्याशी वर्षभर बोलत नव्हते. मला दोघंही कळतात, पण भावाचं जास्त पटतं.

आता जे लिहितेय त्यावर गावाकडून शिव्या येणार. येऊ देत.

२०२४ च्या कायदादुरुस्तीनं कर्नाटकात दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीचं झालं. बेळगावात आम्ही चिडलो. त्याआधी दोनच वर्षं, २०२२ मध्ये, महाराष्ट्रानं मराठी पाट्यांची सक्ती आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असा नियम केला तेव्हा आम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या. ‘आमचा इतिहास वेगळा आहे’ हे उत्तर मला ठाऊक आहे, मीही देत आले आहे. ते अर्धंच खरं आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावजवळ भाषेवरून कर्नाटकच्या बसमधल्या कंडक्टरला मारहाण झाली आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. तेव्हा मुंबईत भाषेवरून कानाखाली मारणाऱ्यांचं कौतुक करणाऱ्या माझ्या फ्रेंडलिस्टमधल्या मंडळींना कुणाच्या बाजूनं लिहावं तेच कळेना.

आणि जत! नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा महाराष्ट्राला अचानक आठवलं की सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला कन्नड बोलणारी माणसं राहतात. त्या गावांनी पूर्वी कर्नाटकात जायचे ठराव केले होते ते कन्नडच्या प्रेमापोटी कमी आणि पाण्यासाठी जास्त. मग म्हैसाळ सिंचन योजनेच्या विस्ताराला एकदम वेग आला. म्हणजे जतच्या कन्नड शेतकऱ्याची महाराष्ट्रावरची निष्ठा पाणी आल्यावर वाढते आणि बेळगावच्या मराठी शेतकऱ्याची कर्नाटकावरची निष्ठा मराठीत नोटीस आली तर वाढू शकते. यात कुणी गद्दार कसा ठरतो?

माणसं निष्ठा कशा सांभाळतात ते बघायचं तर धारवाडला जा. द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी बोलली जायची. त्यांनी कविता कन्नडमध्ये लिहिली, ज्ञानपीठ मिळवलं, सोलापूरच्या कॉलेजात शिकवलं आणि मराठीतही लिहिलं. उलट कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे, घरचं नाव शिवपुत्र कोमकली, भाषा कन्नड. राहिले देवासला, आणि मराठी माणूस त्यांना आपलंच समजतो. (रजनीकांतचं तर विचारूच नका. मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड बंगळुरात बस कंडक्टर होता आणि तमिळ लोकांचा देव झाला.) मात्र ‘बघा, कला सगळ्यांना जोडते’ असं काही मला म्हणायचं नाही. बेंद्र्यांना जमलं ते मामाला कसं जमावं? त्याला कविता करायची नव्हती, नोटीस वाचायची होती.

मला काय हवं ते सांगते. बेळगाव महाराष्ट्रात आलं तर आनंदच आहे, खटला चालू दे. पण तोवर आमच्या आणखी दोन पिढ्यांनी वेटिंग रूममध्ये बसावं हे मला मान्य नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमं आणली, ती आमच्यासारख्यांसाठीच. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा आयुक्त. वर्गात १० किंवा शाळेत ४० मुलं असली तर त्यांच्या भाषेत शिकवायचं, आणि ज्या भागात अल्पसंख्य १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतही द्यायच्या, ही तत्त्वं कागदावर केव्हाच मान्य झालेली आहेत. ती बेळगाव-खानापुरात मराठीसाठी पाळा आणि जत-अक्कलकोटात कन्नडसाठी पाळा. हे मागायला मला महाराष्ट्रप्रेम सोडावं लागत नाही, कर्नाटकाचा नागरिक असल्याची लाज वाटून घ्यावी लागत नाही. मी कन्नड बोलते, हेल मराठी आहे, भाजीवाली समजून घेते.

पुढच्या वेळी मुंबईचे मंत्री कोगनोळी नाक्यावर अडवून घ्यायला येतील तेव्हा त्यांना विचारा, जतमधल्या कन्नड शाळांत किती शिक्षक नेमले. आणि पलीकडून बंगळुरूचे आले तर त्यांना खानापूरच्या मराठी शाळांबद्दल विचारा. कॅमेरे दोन्ही बाजूंचे असतातच तिथे.