आवडलं म्हणजे पटलं, हे कोणी ठरवलं?

सध्या एक लांबलचक पोस्ट फिरते आहे. जुनी फँटसी पुस्तकं वंशवादी आहेत, बायकांना तुच्छ लेखणारी आहेत, म्हणून ती आवडीने वाचणाऱ्यांचीही त्या विचारांना मूक संमती आहे, असा तिचा सूर. खाली मुद्दे, आणि शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा' आहेच. पालकांपर्यंत पोहोचली की नाही माहीत नाही, माझ्या भाचीपर्यंत मात्र पोहोचली. ती टोल्कीनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा दुसरा खंड वाचत होती. "मावशी, हे खरं असेल तर पुढचं वाचू की नको?" म्हणाली. पोस्ट नीट वाचली आणि डोकं फिरलं.

'टोल्कीन नाझी विचारांचा होता.'

साफ खोटं. 1938 साली त्याच्या 'द हॉबिट' या आधीच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर काढू पाहणाऱ्या पॉट्सडॅमच्या प्रकाशकाने त्याला पत्र लिहून विचारलं होतं, तुम्ही आर्य वंशाचे आहात ना? टोल्कीनने उत्तराचे दोन मसुदे करून आपल्या इंग्लिश प्रकाशकाकडे दिले. त्यांतला जो जपला गेला त्यात तो म्हणतो की, मी ज्यू आहे का असं तुम्हांला विचारायचं असेल, तर त्या गुणी लोकांपैकी कोणी माझे पूर्वज नसावेत याची मला खंतच आहे. हा मसुदा बहुधा पाठवला गेला नाही, दुसरा गेला असावा. पण माणूस कुठे उभा होता हे कळायला तो पुरेसा आहे. 1941 मध्ये मुलाला लिहिलेल्या पत्रात तर त्याने हिटलरला चक्क अडाणी म्हटलं आहे.

पोस्टच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, आणि ती मला आवडत नाही. ऑर्क, म्हणजे त्याच्या गोष्टीतले शत्रूचे राक्षसी सैनिक, दिसतात कसे हे सांगताना 1958 च्या एका पत्रात टोल्कीनने बसकं नाक, पिवळट कातडी, तिरके डोळे असं वर्णन करून त्यांना मंगोल चेहऱ्यांची ओंगळ आवृत्ती म्हटलं आहे. 'युरोपियनांच्या नजरेला' अशी पुस्ती कंसात जोडली आहे, पण तिने फारसं काही सावरत नाही. हे वाईट आहे. आणि त्याच माणसाने, भाची वाचत होती त्याच खंडात, नायकाचा सोबती सॅम याच्यासमोर शत्रूचा एक दक्षिणेकडचा सैनिक मरून पडतो तो प्रसंग लिहिला आहे. सॅमच्या मनात येतं, याचं नाव काय असेल, हा कुठून आला असेल, हा खरंच दुष्ट होता की कोणी थापा मारून, धमकावून त्याला घरापासून इतक्या लांब आणलं? पोस्ट लिहिणाऱ्याने तिथवर वाचलं असेल असं वाटत नाही.

'त्या काळी सगळेच तसे होते, ही पळवाट आहे.'

बरोबर. पळवाटच आहे. अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टच्या पत्रांतला वंशद्वेष त्या काळाच्या हिशेबानेही जहाल होता. सी. एस. लुईसने मुलांसाठीच्या त्याच्या नार्निया मालिकेतल्या 1954 च्या पुस्तकात दक्षिणेला सावळ्या, फेटेवाल्या, गुलाम बाळगणाऱ्या क्रूर लोकांचं साम्राज्य उभं केलं, ते काही कोणी जबरदस्ती केली म्हणून नव्हे. त्याच पुस्तकातलं सर्वांत जिवंत पात्र, लादलेलं लग्न टाळून घोडीवरून पळून जाणारी अ‍ॅराव्हिस, त्याच साम्राज्यातली आहे, एवढं फक्त नोंदवते.

'लिपस्टिक लावली म्हणून सुझनला स्वर्ग नाकारला.'

सुझन ही नार्नियातल्या भावंडांपैकी एक. मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात ती मेलेलीच नाही. आगगाडीच्या अपघातात बाकीची भावंडं जातात, ती मागे राहते. तिच्याबद्दल इतर पात्रं बोलतात ती वाक्यं खवचट आहेत, मला अजूनही खुपतात. पण टीका करायची तर घडलं त्यावर करा.

'ही पुस्तकं आवडणं म्हणजे त्यातल्या विचारांना संमती देणं.'

खरी खोडी इथे आहे. बाकीचे मुद्दे पुस्तकांबद्दल आहेत, हा वाचणाऱ्याबद्दल आहे. एका मुलीला गोष्ट आवडली, म्हणजे तिच्यातच काहीतरी वाईट आहे, असं हा मुद्दा सांगतो. वाचक म्हणजे कागदावर न वाचता अंगठा उठवणारा माणूस, असं समजून तो लिहिला आहे.

मग व्हिक्टर लावॅलचं काय करायचं? हा कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक लहानपणी लव्हक्राफ्टचा भक्त होता. लव्हक्राफ्टच्या सर्वांत विखारी कथांपैकी एक म्हणजे न्यूयॉर्कच्या परदेशी वस्तीवर गरळ ओकणारी 'द हॉरर अ‍ॅट रेड हुक'. लावॅलने 2016 मध्ये तीच कथा हार्लेममधल्या एका काळ्या तरुणाच्या बाजूने पुन्हा लिहिली आणि पुस्तक अर्पण केलं ते लव्हक्राफ्टलाच, 'माझ्या सगळ्या उलटसुलट भावनांसह'. ही संमती आहे का? लव्हक्राफ्ट आधी आवडला नसता, तर हे पुस्तक कशाला लिहिलं गेलं असतं?

आणि अमेरिकन फँटसी लेखिका उर्सुला ले ग्विन. मला विचाराल तर तिच्या एका उदाहरणावर ही सगळी पोस्ट निकालात निघते. 1968 च्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'चा नायक गेड तांबूस तपकिरी रंगाचा आहे, त्याचा मित्र त्याहून काळा, आणि गोरे लोक म्हणजे लुटारू. त्या काळात हे धाडसाचं होतं. (कित्येक मुखपृष्ठांवर त्याला गोराच रंगवलं, तो संताप वेगळा.) पण त्याच पुस्तकात जादूच्या शाळेत फक्त मुलगे आहेत, आणि बाईची जादू दुबळी, बाईची जादू दुष्ट, अशा म्हणी लोकांच्या तोंडी आहेत. एका बाईने लिहिलेल्या. ले ग्विनला हे पुढे खुपलं. तिने काय केलं? जुन्या म्हणी खोडल्या नाहीत. 1990 मध्ये ती त्याच जगात परत गेली आणि 'तेहानू' लिहिलं. नायिका मध्यमवयीन विधवा, सोबत भाजलेली, टाकून दिलेली एक मुलगी, आणि शक्ती गमावून बसलेला गेड. बाईची जादू दुबळी कोणी म्हटलं, हा प्रश्न आता ते जगच स्वतःला विचारतं. पहिलं पुस्तक शब्दशः होतं तसंच आहे. दोन्ही लागोपाठ वाचा, मग संमती-बिंमती बोलू.

'द्यायचीच तर स्वच्छ केलेली आवृत्ती द्या.'

रोआल्ड डालच्या 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'त 1964 साली उंपा-लुंपा, म्हणजे चॉकलेटच्या कारखान्यातले कामगार, आफ्रिकेतले बुटके काळे लोक होते. टीका झाली, आणि 1973 च्या आवृत्तीत डालने स्वतःच त्यांना गोरं करून एका काल्पनिक देशात हलवलं. लेखकाने हयातीत बदल केला, हरकत नाही. पण उरलं काय ते बघा. कारखानदार त्यांना भोकं पाडलेल्या खोक्यांत घालून आणतो, पगार म्हणून कोकोच्या बिया देतो, आणि ती बिचारी खुशीत गाणी म्हणतात. कातडीचा रंग पुसला, वेठबिगारी तशीच राहिली, फक्त आता ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. यापेक्षा मूळ पुस्तक आणि शेजारी बसून बोलणारं एखादं मोठं माणूस मला परवडेल.

'नवी चांगली पुस्तकं असताना जुनी कशाला?'

नवीही वाचा, कोण अडवतंय? एखाद्या पोराला पुस्तकात आपल्यासारख्या माणसांची टिंगल दिसली आणि त्याने ते भिरकावून दिलं, तर तो त्याचा हक्क आहे, त्याला कोणी समजावायला जाऊ नये. मात्र तो निर्णय त्याचा, पोस्ट लिहिणाऱ्याचा नव्हे.

भाचीला सॅमचा प्रसंग कुठे आहे ते सांगितलं आहे, 1958 च्या पत्राबद्दलही सांगितलं आहे. तुम्हांला ती पोस्ट पुढे पाठवायचीच असेल तर पाठवा, पण नाझीवाली ओळ तेवढी काढा.