हत्तीचा माझ्या कलेला हातभार

मी मातीकाम शिकवते आणि उरलेल्या वेळात शिल्पं करते. विषय स्थलांतर. ऐन चाळिशीत देश बदलला की माणूस एक तर कविता करतो, नाही तर मातीत हात घालतो. कवितेला घरच्यांची परवानगी नव्हती.

"मूळच्या कुठल्या?" असं कुणी विचारलं की हल्ली मी मातीचंच सांगते. केओलिन, म्हणजे चिनी माती, खडकातून सुटतं आणि जिथल्या तिथे बसून राहतं. पांढरंशुभ्र, एकदम खानदानी. पण चाकावर घ्या, वळायचं नाव नाही. पाण्याबरोबर वाहत गेलेली माती वाटेत लोह, वाळू, कुजका पाला असं सगळं पोटात घेते, कण झिजून बारीक होतात आणि मग म्हणाल तशी वळते. समोरचा भक्तिभावानं मान डोलावतो. "अच्छा! पण मूळच्या कुठल्या?"

असो. खरा छळ भट्टीचा. वर्गात भट्टी एकच, त्यामुळे माझी अस्मिता विद्यार्थ्यांच्या मगांना खेटून भाजली जाते. परवा पाठीवर घर घेतलेली बाई होती. आतून पोकळ, भिंत सगळीकडे सारखी, प्लास्टिकखाली झाकून सावकाश वाळवलेली. शेजारी एका निवृत्त गृहस्थांचा हत्ती, चांगला भरीव. आतून पोखरा म्हणून किती विनवलं! "मॅडम, पोकळ हत्ती कुठे असतो का?" माझी पाठ वळताच त्यांनी तो स्वहस्ते भट्टीत विराजमान केला.

मातीत अडकलेल्या पाण्याची १०० अंशांना वाफ होते आणि तिला सुमारे १७०० पट जागा लागते. हत्तीत ती नव्हती. १००० अंशांची भाजणी संपून, भट्टी निवून, दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं, तर सोंड कुणाच्या तरी मगात आणि माझ्या बाईच्या पाठीवरचं घर निम्मं गायब.

प्रदर्शन तोंडावर आलेलं. बाई तशीच गेली. उद्घाटनाला एक समीक्षक त्या फुटक्या कडेपाशी डोळे बारीक करून उभे राहिले. "तुटलेपण किती संयमानं आणलंय!"

मी संयमानं हसले. तेवढ्यात मागून ओळखीचं खाकरणं.

"मॅडम, पाटीवर सहकार्य म्हणून आमचं नाव राहिलं वाटतं." मग आवाज खाली आणून, "पुढच्या खेपेला गेंडा करतोय. बघा, उपयोगी पडला तर."