काम अर्ध्यावर टाकून झोपायला सांगणारा तो मेसेज

माझी धाकटी बहीण प्रबंध लिहिते आहे. गेले तीन आठवडे रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती टक्क जागी असते. विचारलं तर म्हणाली, "अगं ताई, मुद्दाम करतेय. अर्धवट काम डोक्यात ठेवून झोपायचं असतं." तिला आलेला मेसेज मग मीही वाचला. त्यात म्हटलंय की अपुरी कामं पुऱ्या झालेल्या कामांच्या दुप्पट लक्षात राहतात, हे विज्ञानानं सिद्ध झालंय. म्हणून एका वेळी चार-पाच कामं सुरू करून मध्येच सोडा. कामांची यादी करू नका, यादीनं ताण उतरतो. रात्री अवघड भाग अर्ध्यावर टाकून झोपा, उरलेलं मेंदू झोपेत पुरं करेल. आणि सुरुवातच होत नसेल तर फक्त पाच मिनिटं करा.

आधी ते 'सिद्ध झालंय' पाहू. ब्लुमा झायगार्निक बर्लिन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या विद्यार्थिनी होत्या. १९२७ साली त्यांनी प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना वीसेक छोटी कामं दिली: मणी ओवणं, मातीच्या आकृत्या करणं, कोडी, गणितं. त्यातली निम्मी मध्येच थांबवली. नंतर विचारल्यावर थांबवलेली कामं जवळजवळ दुप्पट आठवली. मेसेजमधला आकडा इथूनच आलाय. पण काम थांबवत होत्या प्रयोग घेणाऱ्या बाई, तेही माणूस रंगात आलेला असताना. स्वतःच ठरवून पेन खाली ठेवणं ही वेगळी गोष्ट झाली. शिवाय ती कामं काही मिनिटांची होती, तीन वर्षं चाललेला प्रबंध नव्हता. पुढे अनेकांनी हा प्रयोग करून पाहिला आणि निकाल जुळेनात. २०२५ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात अपुरी कामं जास्त लक्षात राहतात असं काही आढळलं नाही. आणि लक्षात राहिली तरी काय? एखाद्याला करायचा राहिलेला फोन सहा-सहा महिने आठवत राहतो, म्हणून तो होतो का?

आता झोपेचं. मला खरा राग याचा आला.

अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या निद्रा प्रयोगशाळेत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ५७ तरुण-तरुणी होते. झोपण्याआधी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची राहिलेली कामं कागदावर लिहिली, निम्म्यांनी होऊन गेलेली. झोप कधी लागली हे त्यांना विचारून ठरवलं नाही, डोक्याला तारा लावून मोजलं. राहिलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. यादी जितकी नेमकी, तितकी झोप लवकर. ५७ ही संख्या मोठी नाही, मान्य. पण मेसेज सांगतो त्याच्या बरोबर उलट दिशेला हा निकाल जातो, आणि एका दगडात त्याचे दोन मुद्दे पाडतो: काम डोक्यात ठेवून झोपा हाही, आणि यादी करू नका हाही.

अपुरं काम मनाला टोचतं, हे मेसेजवाल्यांना कळलंय. पण टोचणी म्हणजे इंधन असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. पडल्या पडल्या बहिणीच्या डोक्यात तिसऱ्या प्रकरणातला तोच परिच्छेद फिरत राहतो. सकाळी तो पुरा झालेला नसतो, कारण मेंदू झोपेत प्रबंध लिहीत नाही. जागरणानं दुपारी डोळे मिटतात, काम आणखी मागे पडतं, आणि रात्रीची टोचणी वाढते. हे तीन आठवडे चाललं! मानसशास्त्राचं नाव लावलेलं असल्यामुळे 'मला त्रास होतोय' असं तिला म्हणवतही नव्हतं. आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं.

यादीनं ताण उतरतो, हे मात्र मेसेजनं खरं सांगितलंय. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या प्रयोगांत, राहिलेलं काम कधी आणि कसं करणार हे नेमकं ठरवलं की त्याचा डोक्यातला व्यत्यय थांबला, काम प्रत्यक्षात झालेलं नसतानाही. मग तो ताण जपून ठेवायचा कशासाठी?

चार-पाच कामं एकदम सुरू करण्याबद्दल फार लिहीत नाही. त्याला आपल्याकडे भिजत घोंगडं म्हणतात. एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच अडकून राहतो, असं संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलंच आहे.

राहिली पाच मिनिटं. इथे नाइलाजानं मान डोलवावी लागते. लेविन यांच्याच दुसऱ्या विद्यार्थिनी, मारिया ओव्हसियांकिना, यांनी १९२८ मध्ये दाखवलं की थांबवलेलं काम संधी मिळताच लोक आपणहून पुन्हा हाती घेतात. हा निष्कर्ष त्या २०२५ च्या विश्लेषणातही टिकला. त्यामुळे सुरुवात केलेल्या कामाकडे परत वळणं सोपं जातं, हे खरं. पण त्यासाठी पुढची पायरी माहीत हवी. अडलेल्या जागी सोडलेलं काम दुसऱ्या दिवशीही तिथेच अडतं.

परवापासून बहीण रात्री काम थांबवून उठण्याआधी वहीत दोन ओळी लिहिते. काल लिहिलं होतं, "सकाळी आधी तक्ता चार तपासायचा, मग त्याखालचा परिच्छेद." साडेअकराला तिच्या खोलीतला दिवा बंद झाला.