मंत्री व्हायचंय? आधी पेटंटचे वकील व्हा

लढाईच्या दिवसांत मंत्रिपद हवं असेल तर रणांगणाच्या नादी लागू नका. लंडनला जाऊन बॅरिस्टर व्हा. खुनाच्या खटल्यांत टाळ्या मिळतात, पेटंटच्या खटल्यांत पैसे. 1942 साली हिंदुस्थानात स्वराज्याचा मसुदा घेऊन आलेले ब्रिटिश मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्सच बघा: रसायनशास्त्र शिकले, 1913 साली सनद घेतली आणि 1927 साली किंग्ज कौन्सेल (म्हणजे राजमान्य ज्येष्ठ वकील) झाले. फी अशी घ्या की पुढे समाजवाद परवडला पाहिजे. वडील लॉर्ड आणि मावशी बिअट्रिस वेबसारखी नामांकित समाजवादी लेखिका असल्यास उत्तम. (नसतील तर पुढचं नुसतं करमणूक म्हणून वाचा.)

मग पक्षातून स्वतःला हाकलून घ्या. डाव्या-उदारमतवाद्यांची संयुक्त आघाडी हवी, असा हट्ट धरला म्हणून मजूर पक्षाने 1939 साली क्रिप्सना काढलं. पक्ष नसलेला पुढारी लोकांना एकदम निःस्वार्थी वाटू लागतो. त्यानंतर मॉस्कोत राजदूत म्हणून जा आणि स्टॅलिनच्या भेटीची वाट बघत बसा. बाकीचं हिटलर करतो. 22 जून 1941 ला त्याने रशियावर हल्ला केला, रशिया आपसूक ब्रिटनच्या बाजूला आला आणि श्रेय वकीलसाहेबांच्या खात्यावर जमा झालं. फेब्रुवारी 1942 मध्ये ते थेट युद्धमंत्रिमंडळात.

आता मात्र जपून. लोकांनी डोक्यावर घेतलेला सहकारी कुठल्या पंतप्रधानाला आवडतो? चर्चिलसारखा अशील तुम्हाला अशी केस देईल, की हरलात तरच तो खूश. मार्च 1942 ची दिल्ली बघा. रंगून पडलंय, जपानी दाराशी आलेत, आणि क्रिप्सच्या हातात मसुदा: वसाहतीचं स्वराज्य लढाई संपल्यावर, न पटलं तर प्रांतांना फुटून निघायची मुभा, तोवर देशाचं संरक्षण साहेबाकडेच. तुम्ही आझाद-नेहरूंशी शब्दांचा कीस काढत असता आणि व्हॉइसरॉय लिनलिथगो तुमच्या पाठीमागून लंडनला तारा ठोकत असतो. अशा वेळी शाकाहारी असणं फार उपयोगी. निदान गांधीजींकडे जाताना तेवढं तरी सामाईक निघतं. गांधीजींनी मसुदा वाचला आणि देण्यासारखं एवढंच असेल तर पुढच्या विमानाने घरी जा, असा सल्ला दिला. तो काही क्रिप्सनी लगेच मानला नाही. फीविना मिळालेला सल्ला वकील सहसा मानत नाहीत.

बोलणी फिसकटली म्हणून तोंड पाडू नका. चर्चिलने तार करून पाठ थोपटली, ब्रिटन-अमेरिकेत परिणाम उत्तम झाला म्हणून कळवलं. अमेरिकेला प्रयत्न दिसला, हिंदुस्थानला काही द्यावं लागलं नाही. ऑगस्टमध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि पुढारी तुरुंगात गेले. नोव्हेंबरात क्रिप्सनाही युद्धमंत्रिमंडळातून बाहेर काढलं. खातं कुठलं दिलं म्हणता? विमानं बांधायचं.